जावयाचं वाण आणि पिवळा दिवा

सक्करदरा तलावाच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या बोळात ठवकरांचं गॅरेज आहे. तिथे येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं: "समोर पिवळा दिवा लागलाय, तेवढा बुझवून द्या." त्यावर दिपालीचं उत्तरही एकच असतं.

"दिवा बुझवायचा असंन त पुढच्या चौकात जा. इथं गाडी दुरुस्त होते."

गिऱ्हाईक दुखावतं. काही जण खरंच पुढच्या चौकात जातात. त्यातले बरेचसे आठवडाभरात परत येतात आणि त्यांच्याबरोबर दिवाही परत आलेला असतो. दिपाली तेव्हा नुसती भुवई वर करते. पण ती भुवई माणसाला बोलण्यापेक्षा जास्त झोंबते, अशी तिच्या नवऱ्याची, पियूषची, जुनी तक्रार आहे.

दिपाली काटोलकडच्या शेतकरी घरातली. बारावी झाली, लग्न झालं आणि ती ठवकरांच्या घरात आली, तेव्हा गॅरेज म्हणजे तिचे सासरे मारोतराव असंच समीकरण होतं. मारोतराव कार्बोरेटरच्या काळातले. गाडी बोळाच्या तोंडाशी असतानाच आवाज ऐकून ते दोष सांगत, आणि पुष्कळदा तो बरोबर निघे. पियूष डेंटिंग-पेंटिंग करायचा. दिपालीकडे आधी फक्त बिलं होती. पुढे इंजिनात कॉम्प्युटर असलेल्या गाड्या वाढल्या आणि मारोतरावांचा कान कमी पडू लागला. "या नव्या गाड्या चुगलखोर आहेत," ते म्हणायचे. "बिघाड मले नाही सांगत, मशीनले सांगतात."

ते मशीन घरात आलं, त्याचीही गोष्ट आहे. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावून वाण द्यायची रीत. मागच्या अधिकात दिपालीच्या वडिलांनी पियूषला विचारलं, अंगठी करू का साखळी? पियूष लाजत म्हणाला, "स्कॅनर द्या." वडिलांना वाटलं, दवाखान्यातलं काही असेल. पण शब्द दिला होता, त्यांनी आणून दिला. पुठ्ठ्याच्या जाड पुस्तकाएवढं यंत्र. त्याची वायर स्टेअरिंगखालच्या खोबणीत लावली की गाडीचा कॉम्प्युटर आपली तक्रार त्यावर दाखवतो: एक इंग्रजी अक्षर आणि पुढे चार आकडे. त्यालाच कोड म्हणतात. गॅरेजातल्या पुरुषांना त्या यंत्राचं एकच बटण आवडलं, कोड पुसायचं. कोड पुसला की पिवळा दिवा विझतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. दिपालीने मात्र बिलं बाजूला सारून ते यंत्र वाचायला घेतलं.

पहिल्याच खेपेला ती तोंडावर आपटली. कोडमध्ये एका सेन्सरचं नाव आलं, तिने तो सेन्सर बदलायला लावला, आणि चार दिवसांनी मालक भर बोळात ओरडत आला. सेन्सर बिचारा धडधाकट होता. त्याच्या आधीची एक नळी फाटली होती आणि सेन्सरने फक्त ते कळवलं होतं. त्या दिवसापासून दिपालीने एक गोष्ट मनाशी पक्की केली. कोड म्हणजे फिर्याद. आरोपी कोण, ते आपण शोधायचं. आणि फिर्याद फाडून टाकली म्हणून गुन्हा मिटत नाही.

हळूहळू तिचं नाव झालं. नंदनवनापासून मानेवाड्यापर्यंत जुनी गाडी घेणारे लोक विचारू लागले, "ठवकरांच्या सुनेनं पाहिली का?" तिने हो म्हटलं तर सौदा व्हायचा. हे नाव तिने स्वतःच्या हाताने, काळ्या नखांनी कमावलं होतं. ते जपण्यासाठी ती ऐन थंडीत आणि ऐन उन्हात बॉनेटखाली वाकलेली असायची.

यंदा अधिक महिना जेठात आला. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, चालू होता. डांबर चपलेला चिकटत होतं आणि घरातला कूलर आपला जोर संपल्यासारखा घरघरत होता. अशा रविवारी मारोतरावांची मुलगी भैरवी आणि जावई जितेंद्र धोंड्याच्या जेवणाला आले. जितेंद्रचा रिंग रोडला जुन्या गाड्या विकण्याचा धंदा. माणूस दिसायला उमदा आणि बोलायला पाकातल्या चिरोट्यासारखा. तो एका पांढऱ्या गाडीतून आला. दिपालीने खिडकीतूनच पाहिलं, आतमध्ये पिवळा दिवा जळत होता.

जेवणं साग्रसंगीत झाली.

"घ्या न अजून एक धोंडा, जावईबापू," सासूबाई सुभद्राबाई आग्रह करत होत्या.

"मामी, पोट आहे का गोडाऊन?"

"जागा करा न मंग थोडी!"

शेवटी चांदीची थाळी आली. त्यात अनारसे, वर कपडे, मधोमध तुपाचं निरांजन. जितेंद्रने थाळीला हात जोडले, पण ती घेतली नाही.

"मामाजी, कपडे-बिपडे नको. यंदा मी मागतो ते वाण द्या."

"माग न," मारोतराव फुलून म्हणाले. "आज तुह्या रूपानं नारायण बसला आहे पाटावर."

"बाहेर गाडी उभी आहे. संध्याकाळी तिचं गिऱ्हाईक येते. एक मास्तरीण आहे, उमरेडकडे शाळा आहे तिची. तिले कोणीतरी सांगितलं, ठवकरांच्या सुनेनं पाहिली तरच घे. वहिनीनं दिवा बुझवावा अन् तिले सांगावं, गाडी चोख आहे. बस. हेच माह्यं वाण."

मारोतरावांनी तांब्यातलं पाणी उजव्या तळव्यावर घेतलं आणि ताम्हनात सोडलं. "दिलं," ते म्हणाले.

दिपाली तुपाचं भांडं घेऊन दारात उभी होती. "मामाजी, गाडी पाहायच्या आधीच?"

"पाह्य न! कोण नाही म्हणते? पाह्य, दिवा बुझव अन् सांग."

हे बोलताना आपण काही उलटंसुलटं बोललो, असं त्यांना जराही वाटलं नाही.

ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून दिपालीने गाडी गॅरेजच्या शेडमध्ये घेतली. मागून तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत जितेंद्र आला. जेवणं लांबल्यामुळे इंजिन निवलं होतं, हे बरंच झालं. तिने यंत्र लावलं. कोड आला: दुसऱ्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही. त्याच यंत्रावर आणखी एक गोष्ट दिसते, मागचा कोड पुसल्यापासून गाडी किती धावली. तो आकडा पाहून तिची भुवई वर गेली.

"भाऊजी, सकाळीच पुसला होता न कोड?"

"पुसला न, वहिनी. पण घरापर्यंत येत नाही त पुन्हा पेटते. प्लग बदलले, कॉइल बदलली. आता तुमच्या हातगुणानंच बुझंन."

दिपालीने दुसऱ्या सिलिंडरची ठिणगी पाडणारी कॉइल तिसऱ्याला लावली आणि तिसऱ्याची दुसऱ्याला. इंजिन मिनिटभर चालवून पाहिलं, फिर्याद दुसऱ्यावरच राहिली. म्हणजे कॉइल निर्दोष. मग तिने प्लग काढले. तीन प्लग तपकिरी, जसे असावेत तसे. दुसऱ्याचा मात्र धुतल्यासारखा स्वच्छ आणि ओला. तिने तो हुंगला. मग रेडिएटरचं झाकण उघडलं आणि आत बोट घातलं. बोट पिवळंधमक होऊन बाहेर आलं.

"हळद," ती म्हणाली.

जितेंद्र हसला. "घरचाच इलाज आहे, वहिनी. मामाजींनीच शिकवला."

एव्हाना मारोतरावही आले होते. त्यांनी झाकणात डोकावलं आणि आधी चिडले ते वेगळ्याच गोष्टीवर. "अबे, इतकी? चिमूटभर सांगितली होती मी! आमटी करायची होती का?"

हळदीचा उपाय त्यांच्या तरुणपणचा. जीपच्या रेडिएटरला बारीक भोक पडलं की पाण्यात चिमूटभर हळद टाकायची. ती भोकात जाऊन बसते आणि गाडी गावापर्यंत पोचते. पण इथे गळती रेडिएटरची नव्हती. इंजिनचं वरचं झाकण म्हणजे हेड; ते आणि खालचा भाग यांच्यामध्ये एक पातळ गॅस्केट असते. एका बाजूला आग, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि दोघांची भेट होऊ द्यायची नाही हे तिचं काम. ती जळली होती. गाडी आपलं पाणी आपणच पीत होती. दिपालीने इंजिन सुरू करून दाखवलं. रेडिएटरच्या तोंडाशी पाण्यातून एकामागून एक बुडबुडे येऊ लागले.

 ते बुडबुडे मारोतरावांनी आयुष्यभर पाहिले होते.

"हेड गॅस्केट गेली आहे," दिपाली म्हणाली. "हे गाडी चोख आहे म्हणून मी नाही सांगणार."

"गाडी जाईन न वर्षभर," मारोतराव तिच्याकडे न पाहता म्हणाले.

"नवतपा आहे, मामाजी. भर दुपारी उमरेडच्या रस्त्यावर इंजिन तापून जाम झालं त ते बाई कोणत्या झाडाखाली उभी राहीन?"

"मंग ते आपल्याकडेच आणीन न गाडी," जितेंद्र म्हणाला. "तुमचंच काम वाढते, वहिनी."

तो एकटाच हसला.

"हे पाह्य," मारोतरावांचा आवाज चढला, "मी पाणी सोडलं आहे. अधिक महिन्यात जावयाच्या मागण्याले नाही म्हणत नसतात. तुह्या बापानं म्हटलं होतं का पियूषले नाही?"

"नव्हतं म्हटलं," दिपाली म्हणाली. "पण माह्या बापाकडं तुमच्या पोरानं मशीन मागितलं. खोटं नाही मागितलं."

 मग मारोतराव एकेक शब्द तोडत बोलले.

"मंग तू बी ऐक. त्या बाईसमोर तोंड उघडलं त उद्यापासून या शटरच्या आत पाय ठेवायचा नाही. गॅरेज माह्यं आहे. घरात राह्य, पोळ्या लाट."

त्यांनी पियूषला हाक मारली. "ते मशीन तुह्यं आहे न? पूस तो कोड."

पियूषने बायकोकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, पाटावरून उठून आलेल्या नारायणाकडे पाहिलं, आणि बटण दाबलं. दिवा विझला. दिपालीने त्याला अडवलं नाही. ती नळावर जाऊन हात धुऊ लागली. हळद मात्र नखातून जाईना.

उन्हं कलल्यावर मास्तरीणबाई स्कूटीवरून आल्या. मुग्धा त्यांचं नाव. स्कार्फ सोडून त्यांनी घाम पुसला. गाडी शेडबाहेर काढून ठेवली होती; जितेंद्रने चावी फिरवली. सगळे दिवे लागले आणि एकेक करून विझले, पिवळासुद्धा.

"पाहा मॅडम. आरशासारखी गाडी आहे."

"सुनेनं दुपारभर पाहिली, ताई," मारोतराव म्हणाले. "चोख आहे. घरचीच गाडी समजा."

"मी त्यांना विचारते ना, काका," मुग्धा म्हणाली आणि दिपालीकडे वळली. "तुम्हीच ना दिपाली? तुम्ही पाहिली गाडी?"

"पाहिली."

"कशी आहे?"

दिपालीने एकदा शटरकडे पाहिलं. आत तिचं टेबल होतं, टेबलावर पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून पान्याखाली दाबलेला तिचा नॅपकिन होता. मग ती मुग्धाकडे वळली.

"दिवा आत्ता दुपारी बुझवला आहे. बिघाड तसाच आहे. हेड गॅस्केट जळली आहे. हे मशीनवर पाहा, कोड पुसल्यापासून गाडी एक किलोमीटर बी नाही धावली. अन् इकडे या, रेडिएटरमधले हे बुडबुडे पाहा. पाण्यात हळद आहे, म्हणून ते पिवळे दिसतात."

मुग्धाने बुडबुडे पाहिले. मग सगळ्यांचे चेहरे पाहिले. "म्हणजे घेऊ नको?"

"दुरुस्त झाल्याशिवाय नका घेऊ."

"तुम्ही यांच्या घरच्याच ना?"

"घरची आहे म्हणून त सांगायले इतका वेळ लागला," दिपाली म्हणाली.

मुग्धा स्कार्फ बांधून निघून गेली. त्यानंतर जे झालं ते बोळातल्या सगळ्यांनी ऐकलं. जितेंद्रने चावी बॉनेटवर आपटली. "जावयाले बोलावून गिऱ्हाइकासमोर नागडं केलं! ठेवा हे गाडी, अनारस्यासोबत खा!" त्याने रस्त्यावरून ऑटो थांबवला. सुभद्राबाई थाळी घेऊन मागे धावल्या. त्याने ती घेतली नाही. भैरवी ऑटोत बसली होती, तिचे डोळे भरले होते.

"वहिनी," ती म्हणाली, "तू आज माह्यं माहेर बंद केलं."

 खरं बोलल्याचं जेवढं समाधान असायला हवं, तेवढं तिला त्या संध्याकाळी मिळालं नाही. सासूबाई तिला पाठ करून भांडी घासत बसल्या. थाळीतलं निरांजन केव्हाच शांत झालं होतं, अनारसे डब्यात गेले. पियूष "मी काय करू मंग?" एवढंच दोनदा म्हणाला.

सकाळी मारोतराव अर्धं शटर उघडून त्याच्यासमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते. बाहेर ती पांढरी गाडी उभी होती. दिपाली रोजच्यासारखी पियूषचा जुना शर्ट अंगावर चढवून, केस करकचून बांधून आली.

"कुठं?" मारोतरावांनी विचारलं.

"कामावर."

"काल काय म्हटलं मी?"

"शटरच्या आत पाय नको म्हटलं. गाडी बाहेर आहे."

तिने बॉनेट उघडलं. मारोतराव पाहतच राहिले.

"काय करून राहिली तू?"

"तुम्ही पाणी सोडलं न, मामाजी? दिवा बुझवून देतो म्हटलं. मंग बुझवून देते. हेड उतरवते, गॅस्केट बदलते, दिवा आपोआप बुझंन. ठवकरांचं वाण अर्धं नाही राहिलं पाहिजे."

समोरचा पंक्चरवाला दात काढत ओरडला, "मारोतराव, सुनेले रस्त्यावर बसवलं का गा?"

"तू आपल्या ट्यूबा पाह्य!" मारोतराव खेकसले.

घराच्या बाजूने पियूष आला. त्याने आपली पान्यांची पेटी गाडीजवळ ठेवली आणि बाह्या सरसावल्या. "काल बटण दाबलं," तो खाली पाहत म्हणाला. "आज पाना धरतो."

"बायकोचा बैल," मारोतराव पुटपुटले, पण खुर्चीतून उठले नाहीत.

ऊन चढत गेलं. पियूषने वर ताडपत्री बांधली. वरचं सगळं सामान निघालं आणि हेडचे बोल्ट उघडे पडले. दिपाली कोड वाचण्यात पक्की असली तरी हेड उतरवण्याचं काम तिने आजवर दुरूनच पाहिलं होतं. तिने पाना मधल्या बोल्टला लावला.

"अवं!" मारोतराव ताडकन उठले. "मधून नाही! मधून खोललं त हेड वाकडं होईन न! बाहेरून आत ये. कडेचा एक, मंग त्याच्या समोरचा."

दिपालीने पाना काढला, कडेच्या बोल्टला लावला. "सांगत जा मंग. मी ऐकून राहिली."

"मी काहून सांगू?"

"नका सांगू. वाकडं झालं त वाकडं. वाण तुमचं आहे."

मारोतरावांनी खुर्ची उचलून ताडपत्रीखाली आणली. मग ते सांगत गेले, शिव्या घालत गेले, आणि एकदोनदा पियूषच्या हातातून पाना ओढून घेऊन स्वतःच वाकले. हेड उचललं तेव्हा तिघांचे हात त्याला लागले होते. खाली गॅस्केट दिसली. दुसऱ्या सिलिंडरच्या कडेला ती जळून खाल्ली गेली होती आणि त्या खाचेत पिवळा चिखल भरला होता. मारोतरावांनी त्यावरून अंगठा फिरवला, बराच वेळ पाहिला.

"जितेंद्र भैताड आहे," ते शेवटी म्हणाले.

"हे मी नाही म्हटलं," दिपाली म्हणाली.

"तू त सगळं म्हणते, हेच तेवढं राहिलं होतं." त्यांनी अंगठा धोतराला पुसला आणि आवाज खाली आणला. "जितेंद्रले मी फोन लावतो. तो रागवंन, पण येईन. गाडी आता चोख होईन. त्या मास्तरणीले बोलाव. पण मी सांगतो तसं सांगायचं. इंजिन खोललं होतं, हे सांगायचं काम नाही. खोललेल्या इंजिनाले लोक भेतात."

"नाही," दिपाली म्हणाली. "हेड उतरवलं, हळद निघाली, गॅस्केट बदलली. सगळं सांगीन. तिले घ्यायची असंन त घेईन, नाही त नाही."

"तुले गॅरेजात पाय ठेवायचा आहे का नाही?"

दिपालीने हेडच्या पृष्ठभागावर चिकटलेला जुना थर नखाने उकरून पाहिला. तो निघायला पत्तीची खरवडणी लागणार होती, आणि ती आत तिच्या टेबलाच्या खणात होती.

"ठेवायचा आहे," ती म्हणाली, "अन् सांगायचं बी आहे."

असं म्हणून ती वाकली, अर्ध्या शटरखालून आत गेली आणि खरवडणी घेऊन बाहेर आली. मारोतराव खुर्चीतच होते. "नीट घास," ते म्हणाले, "ओरखडा पडला त पुन्हा गळंन."